पक्षाघातानंतर पुन्हा चालताना: पावलं मोजा, वेग मोजा, मग ठरवा

घरात कुणाला पक्षाघाताचा झटका आला की आठवड्याभरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी अमुक तेलाची मालिश सांगतं, कुणी लाखो रुपयांच्या रोबोटचा व्हिडिओ पाठवतं, कुणी पेशींच्या इंजेक्शनचा पत्ता देतं. या सगळ्यात एक साधी गोष्ट हरवते. पक्षाघातानंतरच्या चालण्यावर जगभर मोठमोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दवाखान्याच्या बोळात वापरता येतात. सार एवढंच की चालणं चालण्यानेच सुधारतं, पण पावलं पुरेशी पडली पाहिजेत आणि थोडा दम लागला पाहिजे. पट्टा, काठी, मशीन ही सगळी तिथवर पोचायची साधनं.

हा लेख घरच्यांसाठी आहे, आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या फिजिओथेरपिस्टसाठीही. यातली प्रत्येक पायरी चढण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. झटका मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीमुळे आला की रक्तस्रावामुळे, हृदयाचे ठोके नियमित आहेत का, रक्तदाब आटोक्यात आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

पहिले काही दिवस

'जितक्या लवकर उठवाल तितकं बरं' असा समज खूप वर्षं होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 'अव्हर्ट' चाचणीने तो तपासला. पाच देशांतल्या 56 स्ट्रोक युनिटमधले, म्हणजे पक्षाघाताच्या खास कक्षांमधले, 2104 रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला 24 तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं. तीन महिन्यांनी फारसं परावलंबित्व न उरलेले रुग्ण पहिल्या गटात 46 टक्के होते, दुसऱ्यात 50 टक्के. म्हणजे घाईने नुकसान झालं. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं की थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवलेल्यांचे निकाल चांगले होते आणि एका बैठकीत लांबण लावलेल्यांचे वाईट.

म्हणून पहिला दिवस डॉक्टर सांगतील तसा. परवानगी मिळाली की खाटेच्या कडेला पाय सोडून पाच-दहा मिनिटं बसवायचं, दिवसातून चार-सहा वेळा. इस्पितळातली खाट उंच असते, पाय अधांतरी लोंबतात आणि माणूस कमजोर बाजूला कलंडतो. पायाखाली लाकडी पाट किंवा स्टूल द्या, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. उठवताना कमजोर हात कधीही ओढू नका. त्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, एका हिसक्याने सांधा निसटू शकतो आणि मग महिनोन्‌महिने तो खांदाच व्यायामाच्या आड येतो. आधार कमरेला द्या. कमरेला रुंद कॅनव्हासचा पट्टा बांधला तर धरायला सोपं जातं.

या दिवसांत पायात गुठळी होण्याचीही भीती असते. मांडीपर्यंतच्या घट्ट मोज्यांनी ती टळत नाही आणि कातडीला इजा मात्र होते, हे 2009 च्या 'क्लॉट्स' चाचणीत दिसलं. हवेने दाब देणाऱ्या पट्ट्यांनी मात्र फायदा झाला, तो 2013 च्या तिसऱ्या 'क्लॉट्स' चाचणीत. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागली किंवा दुखायला लागली तर तिला हात न लावता आधी डॉक्टरांना दाखवा. अशा पोटरीवर मालिश करणं धोक्याचं आहे.

'चालता येईल का?' याचं उत्तर

डॉक्टर हे उत्तर द्यायला कचरतात, ते समजण्यासारखं आहे. पण अंदाज बांधता येतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पहिल्या 72 तासांत दोन गोष्टी पाहिल्या: आधाराशिवाय 30 सेकंद बसता येतं का, आणि कमजोर पायाच्या स्नायूंत थोडी तरी ताकद आहे का. दोन्ही जमणारे जवळजवळ सगळे, 98 टक्के, सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालतील असा अंदाज निघाला. दोन्ही न जमणाऱ्यांसाठी तो सुमारे 27 टक्के होता, आणि नवव्या दिवशीही तीच स्थिती असेल तर 10 टक्के.

घरच्यांनी यातून घ्यायचं ते असं: पहिल्या आठवड्यात 'पाऊल टाकलं का' याची काळजी करण्यापेक्षा बसण्याचा तोल सुधारण्यावर भर द्या. खाटेच्या कडेला बसवून समोर, मग चांगल्या बाजूला, मग कमजोर बाजूला वाटी धरायची आणि चांगल्या हाताने ती घ्यायला लावायची. प्रत्येक वेळी हात थोडा जास्त लांबवावा लागला पाहिजे.

कोपनहेगनमधल्या 1995 च्या मोठ्या अभ्यासात 95 टक्के रुग्णांची चालण्यातली सुधारणा पहिल्या 11 आठवड्यांत पूर्णत्वाला गेलेली दिसली. याचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो, की तीन महिन्यांनंतर काही होत नाही. तो अभ्यास आपोआप आणि नेहमीच्या उपचाराने होणाऱ्या सुधारणेचा होता. झटक्याला सहा महिने ते पाच वर्षं झालेल्यांनीही नेटाने सराव केल्यावर अंतर वाढवलं आहे, ते पुढे येईलच. म्हणून 'आता काय उपयोग' असं म्हणून काठी कोपऱ्यात ठेवू नका.

आधी मोजा: दहा मीटरची परीक्षा

'आधीपेक्षा बरं चालतात' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्याचा उपयोग शून्य. संशोधनात सगळ्यात जास्त वापरली जाणारी मोजणी घरी पाच मिनिटांत होते. लागतं काय? खडू, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

सपाट जागेवर 14 मीटरची सरळ रेघ आखा. सुरुवातीपासून 2 मीटरवर एक आडवी खूण आणि 12 मीटरवर दुसरी. माणूस शून्यावरून निघतो आणि 14 मीटरपर्यंत चालत राहतो. पुढच्या पायाने 2 मीटरची खूण ओलांडली की घड्याळ सुरू, 12 ची ओलांडली की बंद. पहिले आणि शेवटचे दोन मीटर मोजायचे नाहीत, कारण तिथे वेग घेणं आणि थांबणं असतं. नेमकं इथेच चुकतं: लोक दहा मीटरच आखतात, माणूस रेघेपाशी थांबतो आणि वेग खरा आहे त्यापेक्षा कमी निघतो. तीन फेऱ्या नेहमीच्या चालीने घ्या आणि सरासरी काढा. मग जमेल तितक्या जोरात चालायला सांगून आणखी दोन. मोजणारा बाजूने, अर्धं पाऊल मागे चालतो. पुढे चाललात तर तुम्हीच त्याचा वेग ठरवता. काठी, घोट्याची पट्टी, चपला जे असेल ते वहीत लिहा, पुढच्या वेळी तेच हवं.

10 मीटरला सेकंदांनी भागलं की वेग मिळतो. 25 सेकंद लागले तर 0.4 मीटर प्रति सेकंद, साडेबारा लागले तर 0.8. हे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 0.4 च्या खाली माणूस साधारण घरातल्या घरात चालतो. 0.4 ते 0.8 मध्ये बाहेर जातो, पण मर्यादित. 0.8 च्या वर गेला की बाजारहाट, रस्ता ओलांडणं जमू लागतं. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत 0.16 मीटर प्रति सेकंदाची वाढ झाली तर रोजच्या जगण्यात फरक जाणवतो, असं आढळलं आहे. म्हणजे 25 सेकंदांवरून साधारण 18 वर येणं. 25 वरून 24 झालं तर ती सुधारणा मानू नका, त्या दिवशी झोप चांगली झाली असेल.

दुसरी मोजणी सहा मिनिटांत किती अंतर कापलं याची. दवाखान्यात 30 मीटरच्या बोळात घेतात. घरी 15 मीटर असेल तरी चालेल, पण दर वेळी तेवढंच. आखूड जागेत वळणं वाढतात, वळताना वेळ जातो, म्हणून 15 मीटरवरचा आकडा 30 मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही. मधे थांबलं तर घड्याळ चालूच राहतं. दोन्ही मोजण्या दर दोन आठवड्यांनी, एकाच वेळेला. सकाळी दहाला एकदा आणि संध्याकाळी थकल्यावर एकदा, असं केलं तर आकडे काही सांगत नाहीत.

पावलांचा हिशेब

2009 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या सत्रांवर नजर ठेवून एक मोजणी झाली. सत्रात रुग्ण सरासरी 357 पावलं टाकत होता. मेंदूला पुन्हा चालणं शिकवायला ही पावलं फार कमी आहेत. कॅनडात 2020 च्या 'डोस' चाचणीत पुनर्वसन केंद्रातल्या 75 रुग्णांपैकी काहींना तासाभरात 2000 पेक्षा जास्त पावलांचं लक्ष्य दिलं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. सहा मिनिटांत ते नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा सुमारे 60 मीटर जास्त चालले. त्याच गटाने पुढे 12 केंद्रांत हीच पद्धत रोजच्या कामात आणली, मनगटावर हृदयाचे ठोके आणि पायावर पावलं मोजत. तिथे फरक सुमारे 44 मीटरचा आला. महागडं मशीन कुठेही नव्हतं.

घरी पावलं मोजायची कशी? मोबाइल किंवा कमरेचा पेडोमीटर हळू, फरफटत्या चालीला पाऊलच मानत नाही आणि बराच कमी आकडा दाखवतो. मनगटावरचं घड्याळ वॉकर धरल्यावर हलतच नाही. असं यंत्र वापरायचंच असेल तर चांगल्या पायाच्या घोट्याला बांधा. त्याहून भरवशाची युक्ती चिंचोक्यांची आहे. समजा तुमचा बोळ 5 मीटरचा आहे. एकदा जाऊन-येऊन पावलं मोजा. हळू चालीत पाऊल 30-35 सेंटिमीटरचं पडतं, म्हणजे एका फेरीला साधारण 30 पावलं. एका वाटीत वीस चिंचोके ठेवायचे आणि प्रत्येक फेरीला चांगल्या हाताने एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. वाटी रिकामी झाली की 600 पावलं झाली. वाटी वाकून घ्यावी लागेल इतकी खाली ठेवू नका, कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर असू द्या.

सुरुवात पहिल्या दिवशी जमेल त्या आकड्यापासून. 200 असतील तर 200, पन्नास-पन्नासच्या चार खेपांत. दर तीन दिवसांनी दहावा हिस्सा वाढवा. 200 चे 220, मग 242. ऐकायला चिमूटभर वाटतं, पण या हिशेबाने साधारण अकरा आठवड्यांत 2000 वर पोचता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा किंवा खुबा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर आकडा तिथेच ठेवा, मागे जाऊ नका. पावलं घटवण्याचं कारण थकवा असेल तर खेपा वाढवा, प्रत्येक खेप लहान करा.

इथे एक प्रश्न येतो: चुकीची चाल पक्की होईल का? पाय बाहेरून फिरवून टाकणं, कंबर उचलणं बघवत नाही, म्हणून काही ठिकाणी 'आधी चाल नीट करू, मग चालू' असा आग्रह असतो. आमचं मत स्पष्ट आहे. चाल सुंदर होण्याची वाट पाहत महिना घालवू नका. गुडघा मागे लचकत असेल किंवा घोटा मुरगळत असेल तर ते आधी सांभाळा, त्याने सांधा खराब होतो. बाकीचं चालता चालता सुधारत जातं.

दम किती लागू द्यायचा

पावलं झाली, आता जोर. झटक्याला सहा महिने ते पाच वर्षं होऊन गेलेल्या 55 जणांवर अमेरिकेत झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक गट बेताच्या जोराने चालला. दुसरा गट 30 सेकंद जमेल तितकं जोरात, मग 30 ते 60 सेकंद विश्रांती, असा. 45 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे. सहा मिनिटांतलं अंतर जोरवाल्यांचं सरासरी 71 मीटरनी वाढलं, बेतवाल्यांचं 27 नी.

हे वाचून उद्यापासून वडिलांना पळवायला घेऊ नका. त्या चाचणीत आधी हृदयाची तपासणी होती आणि ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालताना वर दोर बांधलेला होता. उलट बाजूही पाहा. जर्मनीतल्या 2019 च्या चाचणीत झटक्यानंतर पाच ते 45 दिवसांतल्या 200 रुग्णांपैकी एका गटाला आठवड्यातून पाच दिवस पट्ट्यावर दमवलं. चालण्यात जास्त फायदा झाला नाही आणि गंभीर त्रास मात्र जास्त झाले. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत पावलांच्या संख्येवर भर द्यायचा आणि जोर हळूहळू वाढवायचा.

हृदयाच्या ठोक्यांचं गणित असं. 220 वजा वय म्हणजे कमाल ठोके. त्यातून बसल्या जागचे ठोके वजा केले की हातातली शिल्लक. साठीचा माणूस, बसून ठोके 75: कमाल 160, शिल्लक 85. शिल्लकीचे 40 टक्के म्हणजे 34, ते 75 मध्ये मिळवले की 109. हा बेताचा जोर. 60 टक्के धरले तर 126, तो जोरदार. पण रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, अॅटेनोलोलसारख्या गोळ्या चालू असतील तर ठोके वाढतच नाहीत आणि हे गणित फसतं. घरचे '109 येत नाहीत' म्हणून आणखी पळवतात. अशांसाठी 164 मधून वयाचे सात-दशांश वजा करा. साठीला 164 वजा 42, म्हणजे 122. बसून ठोके 62 असतील तर शिल्लक 60, 40 टक्क्यांवर 86, 60 टक्क्यांवर 98. किती मोठा फरक पडला पाहा.

आकडे नको असतील तर बोलून पाहा. छोटी वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, हा बेताचा जोर. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. ज्यांची वाचाच गेली आहे त्यांच्यासाठी हे चालत नाही, तिथे ठोकेच मोजा.

बसल्या जागी रक्तदाब 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी सराव नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, चक्कर, घेरी आली तर लगेच थांबायचं. चेहरा नव्याने वाकडा झाला, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद अचानक आणखी गेली, तर 'थोडं पडू द्या, बरं वाटेल' म्हणत बसायचं नाही. 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध देता येतं ते सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच.

ज्यांना अजून उभंच राहता येत नाही

इथे खुर्चीतून उठणं-बसणं हाच चालण्याचा सराव. सुरुवातीला बैठक उंच, साधारण 50 ते 55 सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घट्ट गादी बांधून उंची मिळते, पण खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. कमजोर पाय चांगल्या पायापेक्षा चार बोटं मागे. या एवढ्याशा बदलाने वजन आपोआप कमजोर पायावर येतं. एरवी रुग्ण सगळं चांगल्या पायावर उठतो आणि कमजोर पाय नुसता सोबतीला असतो. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाका, मग उठा. दहा-दहाच्या चार खेपा. चाळीस जमू लागले की बैठक दोन बोटं खाली.

रोबोट आणि मशीनबद्दल संशोधन काय सांगतं, ते नीट वाचलं तर गोंधळ राहत नाही. जर्मनीतल्या 2007 च्या चाचणीत स्वतः चालू न शकणारे 155 नवे रुग्ण होते. 20 मिनिटं चालवणारं मशीन अधिक 25 मिनिटं फिजिओथेरपी मिळालेल्या 77 पैकी 41 जण चार आठवड्यांत स्वतंत्र चालू लागले. नुसती 45 मिनिटं फिजिओथेरपी मिळालेल्या 78 पैकी 17. उलट, थोडंफार चालू शकणाऱ्यांवरच्या 2009 च्या अमेरिकी चाचणीत रोबोटपेक्षा माणसाच्या हाताखालची फिजिओथेरपी सरस ठरली. कारण सोपं आहे. जो एकही पाऊल टाकू शकत नाही त्याला मशीन शेकडो पावलं देतं. जो टाकू शकतो त्याचं काम मशीन स्वतःच करून टाकतं.

2011 ची 'लीप्स' चाचणी यातली सगळ्यात बोलकी. 408 रुग्ण. काहींना दोरीने वजन उचललेल्या पट्ट्यावर चालवलं, काहींना घरी फिजिओथेरपिस्टने ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. दोघांनाही 36 सत्रं. वर्षाने दोन्हींत फरक नाही, एकूण 52 टक्के रुग्ण चालण्याच्या वेगाच्या वरच्या गटात गेले. घरी येणारा चांगला फिजिओथेरपिस्ट पट्ट्याच्या मशीनपेक्षा कमी नाही, हे त्यातून ठरलं.

लटकणारं पाऊल

रुग्णाची जुनी चप्पल उलटी करून पाहा. पुढचा, विशेषतः बाहेरचा कोपरा घासलेला असेल तर पाऊल उचललं जात नाही, ते फरफटतं. यावर घोट्याची पट्टी म्हणजे एएफओ लागते. पायाला विजेचे हलके धक्के देऊन पाऊल उचलणारं यंत्रही मिळतं, ते बरंच महाग. 2013 मध्ये 197 जणांवर 30 आठवडे दोन्हींची तुलना झाली. वेग दोन्हींत सारखाच वाढला. यंत्र वापरणारे जास्त समाधानी होते एवढंच. पैसे मोजके असतील तर निर्धास्तपणे पट्टी घ्या.

पट्टी मोजमाप देऊन बनवून घ्यावी, तयार मापाची टोचते. बुटाचा आकार एक नंबर मोठा घ्यावा लागतो आणि आतला सुटा तळ काढावा लागतो. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढा. कातडी लाल झाली आणि वीस मिनिटांत पूर्ववत झाली तर ठीक. लाली टिकली तर पट्टी त्या जागी गरम करून सैल करून घ्या. मधुमेह असेल तर पायाला जाणीव कमी असते, म्हणून रोज रात्री तळवा डोळ्यांनी पाहायचा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे चपला दाराबाहेर. घरात नुसती पट्टी मोज्यावर चढवून टाइल्सवर चाललं की गुळगुळीत प्लॅस्टिक सरकतं आणि माणूस पडतो. मग दोष पट्टीला देऊन ती माळ्यावर जाते. घरात वापरायला स्वच्छ बुटांचा वेगळा जोड ठेवा, तो देवघरापर्यंत गेला तरी चालेल असं घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून घ्या. बाहेरही अंगठ्याची चप्पल नको, मागे पट्टा असलेली सँडल हवी.

ताठरपणा आणि मालिश

दिवसाचा तासभर पाय ताणण्यात आणि तेवढाच मालिशीत जातो, चालणं मात्र दहा मिनिटं. नुसतं ताणून सांध्याच्या हालचालीत दखल घ्यावी असा फरक पडत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. मालिश आवडत असेल तर झोपताना करा, सरावाच्या वेळेत नको. बोट्युलिनमची इंजेक्शनं ताठरपणा खरंच कमी करतात, पण चालण्याचा वेग त्याने आपोआप वाढत नाही. टाच टेकत नसेल, बोटं चपलेत आवळली जात असतील तर त्यांचा उपयोग आहे. मग पुढच्या आठवड्यांत चालण्याचा सराव वाढवावाच लागतो, नाही तर तीनेक महिन्यांत असर ओसरतो आणि हाती काही राहत नाही.

पडणं

'लीप्स'मध्ये वर्षभरात निम्म्याहून जास्त, 57.6 टक्के रुग्ण एकदा तरी पडले. जास्त चालायचं तर पडण्याचा धोका आहेच, म्हणून घर आधी तयार करा. पायपुसणी काढा. उंबऱ्याला पिवळी टेप लावा. न्हाणीघरात पाणी पडलेलं असू नये, आणि हाताने धरायची दांडी चांगल्या हाताच्या बाजूला, जाताना आणि येताना दोन्ही वेळा, म्हणजे दोन दांड्या. साडीचा घोळ, लुंगी, पायघोळ गाऊन कमजोर पायात अडकतात.

काठी चांगल्या हातात. उभं राहून हात सोडला की मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. क्रम: काठी, कमजोर पाय, चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. सोबतीने कमजोर बाजूला राहायचं, आणि जिन्यावर नेहमी रुग्णाच्या खालच्या पायरीवर. काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की त्याच दिवशी बदला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

गोळ्या, पेशी आणि 'ट्रायल'

फ्लुऑक्सेटिनने हातापायात ताकद येते असं 2011 च्या एका लहान चाचणीवरून वाटलं होतं. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 3127 रुग्णांवरच्या 'फोकस' चाचणीत तसा फायदा दिसला नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र दुप्पट झालं. नैराश्यासाठी डॉक्टरांनी दिलं असेल तर ते वेगळं, स्वतःहून बंद करू नका.

पेशींचं इंजेक्शन भारतातच तपासलं गेलं आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 120 रुग्णांवरच्या चाचणीत अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. फायदा आढळला नाही. देशाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पक्षाघातासाठी अशा पेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी दोन-तीन लाख मागत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

भारतातलीच आणखी एक चाचणी घरच्यांनी जाणून घ्यावी अशी, 'अटेंड'. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण, 2017. घरच्या एका माणसाला प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्याच्याकडून करून घेतलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत 47 टक्के, काहीही फरक नाही. घरच्यांचं प्रेम आणि मेहनत फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढत नाही. तुमचं काम मोजण्याचं, सांभाळण्याचं, वाटीत चिंचोके भरून ठेवण्याचं. सराव काय आणि कधी वाढवायचा हे आठवड्या-पंधरवड्याला तज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

एखाद्या चाचणीत सहभागी व्हा असं सांगितलं गेलं तर आधी नोंदणी क्रमांक मागा. भारतात 15 जून 2009 पासून औषध-उपचारांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. क्रमांकात आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असतो, तो संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. तिथे पाहायचं ते असं: तुलनेसाठी दुसरा गट आहे का, मुख्य मोजणी कोणती, ती मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात हे माहीत असतं का, आणि किती महिन्यांनी पुन्हा मोजणार. मुख्य मोजणी नुसती 'रुग्णाला बरं वाटणं' असेल आणि दुसरा गटच नसेल, तर त्या चाचणीतून कुणाला काही कळणार नाही. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही, हे त्या पत्रात लिहिलेलं असलंच पाहिजे. आणि चाचणीत जाण्याच्या आदल्या दिवशी खडूची रेघ आखून दहा मीटरचे सेकंद स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवा.